मतदारयादींत नांव कोणी घालावें ?

मताचा हक्क सर्वांस आहे असें म्हणणें सोपें आहे. परंतु मतकेंद्रावर गेलेल्या मनुष्याचें नांव यादींत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. तेव्हां यादींत नांव घालण्याचें ओझें सरकारनें वाहावें कीं नागरिकानें, हा प्रश्न कारकुनी दिसला तरी लोकसत्तेच्या मुळाशीं जाऊन भिडतो. निरनिराळ्या देशांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत.

स्वीडन व जर्मनी येथें प्रत्येक रहिवाशाची नोंद सरकारी दप्तरांत असतेच; तीवरूनच मतदारांची यादी तयार होते आणि नागरिकास अर्ज करावा लागत नाहीं. ऑस्ट्रेलियानें १९११ सालीं नांव नोंदविणें हें सक्तीचें कर्तव्य ठरविलें. मात्र तेथील मूळ रहिवाशांस ती सक्ती १९८४ पर्यंत लागू नव्हती. इंग्लंडांत १८३२ च्या कायद्यानें यादीची पद्धत सुरू झाली, तेव्हां नांवामागें एक शिलिंग द्यावा लागे. पुढें घरांतील एकानें सर्वांचीं नांवें कळवावीं अशी चाल पडली; ती मोडून प्रत्येकानें आपलें नांव आपण नोंदवावें असा नियम तेथें २०१४ सालीं झाला.

सर्व ओझें नागरिकावर टाकिल्यास काय होतें, हें अमेरिकेनें दाखविलें आहे. मिसिसिपी संस्थानांत कृष्णवर्णीय मनुष्य नांव नोंदविण्यास गेला, म्हणजे त्यास राज्यघटनेचें एखादें कलम देऊन त्याचा अर्थ विचारीत. आणि उत्तर बरोबर कीं चूक हें ठरविणार तोच कारकून! त्यामुळें शंभर पात्र कृष्णवर्णीयांत सातांचींही नांवें यादींत नव्हतीं. १९६५ सालीं मध्यवर्ती सरकारनें कायदा करून हा जाच मोडला, तेव्हां दोन वर्षांत हेंच प्रमाण शेंकडा साठांच्या घरांत गेलें. माणसें तींच होतीं. दार तेवढें उघडलें होतें.

आमच्या देशानें मधला मार्ग धरिला. सरकारी माणूस घरोघर फिरतो, आणि नागरिकासही अर्ज करितां येतो. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी झाली, तेव्हां मुख्यतः उत्तर हिंदुस्थानांतील असंख्य स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची कन्या’ एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रिया मतास मुकल्या. दोष त्या स्त्रियांचा नव्हता. स्त्रीचें नांव परक्यापुढें उच्चारणें हीच लाज मानणाऱ्या रूढीचा होता.

ती रूढी आतां पुष्कळ सैल झाली आहे, पण तिचे अवशेष आमच्या घरांत आहेत. मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं त्याचा अर्ज जातो. लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव मात्र माहेरच्याच यादींत पडून राहतें. तिनें मत द्यावयाचें कोठें ? पात्रतेसाठीं २०२२ पासून वर्षांतून चार तारखा ठरल्या आहेत : जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली. नव्या मतदारानें सहा क्रमांकाचा, आणि घर बदललेल्यानें आठ क्रमांकाचा अर्ज भरावयाचा. मात्र उमेदवारांचे अर्ज घेण्याची मुदत संपली, कीं त्या निवडणुकीपुरती यादी मिटते. मग मतदानाच्या दिवशीं केलेली तक्रार व्यर्थ होय.

आमचें मत असें कीं, जें सरकार करासाठीं नागरिकास बरोबर हुडकून काढतें, त्यानें मतासाठींही त्यास हुडकून काढावें. ही मागणी आम्ही सोडणार नाहीं. परंतु ती मान्य होईपर्यंत स्वस्थ बसणें हें शहाणपणाचें नव्हे. आमचे व्यापारी बंधु दिवाळींत वहीपूजन करितात व पैपैचा हिशेब जुळवितात. तीच दक्षता त्यांनीं या दुसऱ्या वहीविषयीं दाखवावी : घरांतील सून, दुकानांत राहणारा नोकर, माडीवरचा भाडेकरू, या सर्वांचीं नांवें यादींत आहेत कीं नाहींत, हें आजच पाहावें.