दुकानात घसरून पडलात? सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा

माझी मावसबहीण गेल्या वर्षी मास्टर्स करायला इंग्लंडला गेली. पोचून दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये फ्रीझरजवळ साचलेल्या पाण्यावरून ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. स्टाफने खुर्ची दिली, बर्फ दिला, एक फॉर्म भरून घेतला. सगळे अगदी गोड बोलले. पुढचे सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. कॅफेमधली पार्टटाइम नोकरी गेली, घरभाड्याला घरून पैसे मागवावे लागले. प्लास्टर निघाल्यावर तिचा मला फोन आला, "दादा, मी पडले तिथे डोक्यावरच कॅमेरा होता. ते फुटेज मला मागता येईल का रे?"

मागता येतं. तो तिचा कायदेशीर हक्क आहे. पण आम्ही रिक्वेस्ट पाठवली तेव्हा उत्तर आलं, की फुटेज २८ दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

तुम्ही शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणार असाल, किंवा तुमचं कुणी तिकडे असेल, तर हे आधीच माहीत असलेलं बरं. भारतात काय परिस्थिती आहे, तेही शेवटी सांगतो.

हक्क नेमका काय आहे?

ब्रिटनमध्ये 'यूके जीडीपीआर' नावाचा डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम १५ नुसार कोणत्याही कंपनीकडे तुमच्याबद्दल जी वैयक्तिक माहिती आहे, तिची प्रत तुम्ही मागू शकता. या मागणीला 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' म्हणतात. शॉर्टमध्ये एसएआर.

कॅमेऱ्यात तुम्ही ओळखू येत असाल, तर ते फुटेजही तुमचीच वैयक्तिक माहिती. त्यामुळे तेही या हक्कात येतं.

नियम साधे आहेत:

- फी नाही. मागणी उघडपणे निराधार किंवा अवाजवी असेल तरच कंपनी पैसे मागू शकते.
- ठरावीक फॉर्म नाही. ईमेल चालतो, चॅट चालतो, तोंडी सांगितलं तरी चालतं. पण पुरावा राहावा म्हणून ईमेलच करा.
- उत्तराची मुदत एक महिना. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढवता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं.
- कारण सांगायची गरज नाही. नुकसानभरपाईचा दावा करायचा आहे म्हणून डेटा मागितला, तरी तेवढ्यावरून नकार देता येत नाही. इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलंय.

जर्मनी, आयर्लंड किंवा युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशात असाल, तर तिथे मूळ जीडीपीआर लागू आहे. त्यातही कलम १५ आणि एक महिना हेच गणित. युरोपियन युनियनच्या कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीतल्या एका प्रकरणात निकाल दिला. एका पेशंटला डेंटिस्टविरुद्ध दावा करायचा होता, म्हणून त्याने स्वतःचे रेकॉर्ड मागितले होते. कोर्ट म्हणालं, पहिली प्रत फुकट द्यायची आणि कारण विचारायचं नाही.

मग फुटेज गेलं कुठे?

कुणी मुद्दाम डिलीट केलं असेलच असं नाही. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर चालतोच तसा. डिस्क भरली की तो सगळ्यात जुन्या फुटेजवर नवीन फुटेज लिहायला लागतो. काही ठिकाणी ठरावीक दिवस झाले की जुनं आपोआप काढून टाकायची सेटिंग असते.

एक छोटा हिशोब करू. समजा दुकानात १६ कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट डेटा पाठवतो. २ मेगाबिट म्हणजे पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचा दिवसाचा डेटा साधारण २१.६ जीबी आणि १६ कॅमेऱ्यांचा जवळपास ३४६ जीबी. रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची डिस्क असेल, तर ती साडेअकरा दिवसांत भरते. बाराव्या दिवशी पहिल्या दिवसाचं फुटेज गायब!

मोठ्या दुकानांकडे जास्त स्टोरेज असतं, पण तत्त्व तेच. फुटेज किती दिवस ठेवायचं याचा ठरावीक आकडा कायद्यात नाही. उलट गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नका, असं कायदा सांगतो. त्यामुळे लवकर पुसणं हे कंपनीच्या दृष्टीने नियमाला धरूनच असतं.

आता खरी मेख बघा. कंपनीला उत्तर द्यायला एक महिना आहे आणि डिस्क कदाचित बारा दिवसांत भरतेय. रिक्वेस्ट गेल्यानंतर, माहिती द्यावी लागू नये म्हणून ती मुद्दाम पुसणं किंवा लपवणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे (डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८, कलम १७३). पण त्याच कलमात पळवाट आहे. रिक्वेस्ट आली नसती तरी हे पुसलं गेलंच असतं, असं कंपनीने सिद्ध केलं तर तो तिचा बचाव ठरतो.

म्हणून ईमेलमध्ये नुसतं "फुटेज द्या" लिहून भागत नाही. "हे फुटेज आजच वेगळं काढून सुरक्षित ठेवा आणि ठेवल्याचं मला लेखी कळवा" हे वाक्य हवंच. आणि ते शक्यतो पडलात त्याच दिवशी जायला हवं. हात प्लास्टरमध्ये असेल तर व्हॉइस टायपिंग वापरा किंवा रूममेटला टाइप करायला सांगा.

फुटेजशिवाय काय मागायचं?

फुटेज गेलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. दुकानाकडे तुमच्याबद्दल बरंच काही असतं:

- अपघाताचा फॉर्म किंवा नोंदवहीतली तुमची नोंद, आणि त्यासोबत काढलेले फोटो
- स्टाफ, मॅनेजर आणि हेड ऑफिस यांच्यातले तुमच्याबद्दलचे ईमेल आणि मेसेज
- कस्टमर केअरला केलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि चॅट
- विमा कंपनीला तुमच्याबद्दल पाठवलेली माहिती
- लॉयल्टी कार्ड किंवा ॲपवरची त्या दिवसाची खरेदी, वेळेसकट

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण "तुम्ही त्या वेळी दुकानात होतात कशावरून?" या प्रश्नाचं ते सरळ उत्तर आहे.

रिक्वेस्ट कशी लिहायची?

दुकानाच्या वेबसाइटवर सगळ्यात खाली 'प्रायव्हसी पॉलिसी' असते. तिच्यात डेटा प्रोटेक्शन ऑफिसरचा किंवा प्रायव्हसी टीमचा ईमेल मिळतो. त्या पत्त्यावर पाठवा आणि स्टोअरच्या ईमेलला सीसी करा. विषयात 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट आणि फुटेज जतन करण्याची विनंती' असं इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा, अर्थात तोही इंग्रजीत:

"मी अमुक तारखेला तुमच्या अमुक शाखेत दुपारी ३:१० ते ३:४० या वेळेत होते. साधारण ३:२० वाजता फ्रोझन फूडच्या रांगेत, दरवाज्याकडून तिसऱ्या फ्रीझरसमोर मी घसरून पडले. मी लाल जॅकेट आणि काळी सॅक घातली होती. त्या दिवसाचा माझा फोटो सोबत जोडला आहे. यूके जीडीपीआर कलम १५ नुसार माझ्याबद्दलची सर्व वैयक्तिक माहिती मला हवी आहे. त्यात वरील वेळेतलं सीसीटीव्ही फुटेज, अपघाताची नोंद आणि माझा उल्लेख असलेले ईमेल यांचा समावेश करावा. फुटेज पुसलं जाऊ नये म्हणून ते आजच वेगळं सुरक्षित ठेवावं आणि तसं लेखी कळवावं."

वेळ, जागा आणि कपडे इतक्या बारकाईने का? कारण १६ कॅमेऱ्यांच्या दिवसभराच्या रेकॉर्डिंगमधून तुम्हाला शोधायचंय. कंपनीने वाजवी शोध घ्यावा एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. "मागच्या आठवड्यात कधीतरी" असं लिहिलंत तर कंपनी आधी खुलासा मागते, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मुदत थांबवता येते. तिकडे रेकॉर्डर काही थांबत नाही.

ओळखपत्र मागितलं तर लगेच पाठवा. पण पासपोर्टची आख्खी प्रत देण्याआधी, विद्यापीठाचं आयडी चालेल का ते विचारा. ओळख पटण्यापुरतंच मागायचं, असा नियम आहे.

काय मिळणार नाही?

एसएआरमध्ये *तुमच्याबद्दलची* माहिती मिळते, *अपघाताबद्दलची* सगळी माहिती नाही. हा फरक अनेकांना उत्तर हातात पडल्यावर कळतो.

फ्रीझर शेवटचा कधी दुरुस्त केला, त्या दिवशी फरशी किती वाजता पुसली, आधी तिथे कोण घसरलं होतं, यातलं काहीच तुमचा वैयक्तिक डेटा नाही. ते वकिलामार्फत, दाव्याच्या प्रक्रियेतून मागावं लागतं. कंपनीचा तिच्या वकिलांशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहारही मिळत नाही. फुटेजमधल्या इतर लोकांचे चेहरे ब्लर केलेले असतील. पण "त्यात दुसरे लोक दिसतात" एवढं सांगून सरसकट नकार आला, तर ब्लर करून देता येईल का, असं लेखी विचारा.

दुकानाच्या नोंदींना इतकं महत्त्व का? १९७४ च्या जूनमध्ये लिव्हरपूलच्या टेस्को स्टोअरमध्ये एक महिला सांडलेल्या दह्यावरून घसरली होती. दही किती वेळ तिथे पडून होतं, हे तिला सांगता येणं शक्यच नव्हतं. कोर्ट ऑफ अपीलने बहुमताने म्हटलं, की अशा वेळी आपण पुरेशी काळजी घेत होतो हे दुकानाने दाखवायला हवं. दुकानाला ते दाखवता आलं नाही आणि तिला १३७.५० पौंडांची भरपाई मिळाली. म्हणूनच दुकानं आज सफाईच्या नोंदी इतक्या काटेकोर ठेवतात. अशा वेळी तुमच्या बाजूनेही काहीतरी नोंद असलेली बरी.

महिना उलटला, उत्तर नाही?

आधी कंपनीला आठवणीचा ईमेल करा. तरी दाद नसेल तर आयसीओकडे, म्हणजे ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. कोर्टाकडून माहिती देण्याचा आदेशही मिळवता येतो. इजेच्या भरपाईसाठी दावा करायला साधारण तीन वर्षं असतात, पण फुटेजसाठी काही दिवसच. दोन्ही मुदतींची गल्लत करू नका.

आणि भारतात?

आपला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण नागरिकांच्या हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात.

तेव्हाही फरक राहील. आपल्या कलम ११ मध्ये डेटाचा *गोषवारा* मागायचा हक्क आहे, पूर्ण प्रत मागायचा नाही. शिवाय तो हक्क तुम्ही संमती देऊन दिलेल्या डेटापुरता आहे. लॉयल्टी ॲपवरची माहिती त्यात येईल. पण दुकानात शिरलात म्हणजे सीसीटीव्हीला संमती दिलीत का, यावरच वाद होऊ शकतो.

म्हणून पुण्यात किंवा नाशिकमध्ये मॉलमध्ये पडलात तर डेटा कायद्याच्या भरवशावर राहू नका. फुटेज जतन करा असा ईमेल त्याच दिवशी पाठवा आणि मॅनेजरला दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आयोग कंपनीला कागदपत्रं हजर करायला सांगू शकतो. तुमचा ईमेल आधीच गेलेला असेल, तर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे कारण त्यांना देता येणार नाही.

देश कुठलाही असो, पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत फोनवर एवढं करा: फरशीचा, छतावरच्या कॅमेऱ्याचा आणि पिवळी 'वेट फ्लोअर' पाटी नसलेल्या जागेचा फोटो. बिलाचा फोटो. तिथे असलेल्या कुणाचा तरी नंबर, त्यांना विचारून. आणि तुमच्या नावाने फॉर्म भरला असेल, तर सही करण्याआधी वाचा आणि त्याचाही फोटो काढा.

हे शेवटचं बहिणीच्या अनुभवावरून सांगतोय. तिला फुटेज मिळालं नाही, पण बाकीचा डेटा आला. अपघाताच्या फॉर्मवर मॅनेजरने लिहिलं होतं, "फरशी कोरडी होती." खाली तिची सही. दुखत असताना डाव्या हाताने, न वाचता केलेली. आणि त्याच पीडीएफमध्ये दहा पानं पुढे, त्याच मॅनेजरने त्याच संध्याकाळी हेड ऑफिसला पाठवलेला ईमेल होता: एक ग्राहक पडली आहे, फ्रीझर पुन्हा गळतोय, माणूस पाठवा.

तो ईमेल आता तिच्या वकिलाकडे आहे.