हरण्या, पाखऱ्या आणि पुनरुत्थान

दिवाळी सुरू होते ती वसुबारसेला. गाय-वासराची पूजा आधी, लक्ष्मीची नंतर. आमच्या घरी ही पूजा नसे, कारण आम्ही ख्रिस्ती. पण पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरात बैलांना धुतल्यापुसल्याशिवाय कुठलाही सण झाला नाही, असे माझे वडील, अण्णा, सांगत. पोळ्याच्या दिवशी गावातले बैल सजत, तसे आमचेही सजत. फरक इतकाच, की ओवाळण्याऐवजी आजोबा गोठ्यात उभे राहून प्रार्थना करत आणि प्रार्थनेत बैलांची नावे घेत.

१९७२ च्या दुष्काळात ती नावे संपली. विहीर आटली, कडबा मिळेना. अण्णांनी हरण्या आणि पाखऱ्या या दोन बैलांना चालवत चाकणच्या बाजारात आणले. बेल्ह्याचा बाजार जवळ होता, पण तिथे त्या वर्षी विकणारेच फार होते. शिवाय पिंपरीत एका नातेवाइकाने कामाला लावून देतो म्हणून निरोप धाडला होता. बैल विकून अण्णा तसेच पुढे पिंपरीला गेले आणि कारखान्यात चिकटले. घेणारा गिऱ्हाईक शेतकरी नव्हता, हे त्यांना त्याच दिवशी कळले होते.

पुढे एकदा त्यांनी आमच्या पाळकसाहेबांना विचारले, "स्वर्गात आपली जनावरं भेटतात का हो?" पाळकसाहेब हसले. म्हणाले, "जनावरांना आत्मा नसतो." अण्णांनी तो प्रश्न पुन्हा कोणाला विचारला नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. अण्णा गेले तेव्हा मी टूलरूममध्ये काम करत होतो, आणि त्यानंतर पाळी सुटली की हाच प्रश्न घेऊन वाचत बसलो. मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. पण 'जनावरांना आत्मा नसतो' हे वाक्य ख्रिस्ती परंपरेत वाटते तितके सरळ नाही, एवढे आता पुराव्यानिशी सांगू शकतो.

शब्दांचा घोळ

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठी माणूस 'आत्मा' म्हणतो तेव्हा त्याच्या कानात ज्ञानेश्वरी आणि गाथा असते. मुंगीपासून हत्तीपर्यंत एकच तत्त्व भरलेले आहे, हे त्याला शिकवावे लागत नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने गेले की जुन्नर तालुक्यात आळे गाव लागते. पैठणला ज्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे, अशी श्रद्धा आहे. लोक रेड्याच्या समाधीपुढे डोके ठेवतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. बैल घेऊन येताना अण्णा आळ्याला रात्रभर थांबले होते.

ख्रिस्ती धर्म मराठीत आला तो हेच शब्द घेऊन. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे मांडले. या सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता : हिब्रू आणि ग्रीक शब्दांना मराठीत काय म्हणायचे? 'आत्मा' आणि 'जीव' हे शब्द हाताशी होते, पण त्यांना आपापला इतिहास होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून स्वतः बायबलचे भाषांतर केले, त्यामागे हीच बोच होती. वेदान्ताची छटा असलेले शब्द टाळावेत आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशी मराठी वापरावी, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आले.

आता मूळ शब्दांकडे येऊ. हिब्रूत 'नेफेश' असा शब्द आहे. त्याच्या अर्थांत घसा, श्वास, प्राण, जीव हे सगळे येते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या प्राण्यांना 'नेफेश खय्या' म्हटले आहे, म्हणजे जिवंत जीव. दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवून त्याच्या नाकात श्वास फुंकतो, तेव्हा माणूस जो होतो तोही 'नेफेश खय्या'च. शब्द तोच. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने मात्र प्राण्यांसाठी 'जिवंत प्राणी' आणि माणसासाठी 'जिवंत आत्मा' अशा अर्थाचे दोन वेगळे शब्द योजले. मूळ संहितेत नसलेली भिंत भाषांतरात उभी राहिली. आपल्या प्रचलित मराठी बायबलात त्या ठिकाणी माणूस 'जीवधारी प्राणी' होतो. माणसाला प्राणी म्हणायला मराठी भाषांतरकारांना संकोच वाटला नाही, कारण ज्याला प्राण तो प्राणी, हे मराठीत उघडच आहे.

दुसरा शब्द 'रुआह', म्हणजे वारा, श्वास, आत्मा. तोही जुन्या करारात प्राण्यांना लावलेला आहे. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात तर हा प्रश्न थेटच येतो. माणूस आणि पशू यांचा श्वास एकच, दोघेही मातीचे आणि मातीतच जाणार, असे म्हणून तो विचारतो की माणसाचा रुआह वर जातो आणि पशूचा खाली, हे कोणी पाहिले आहे? आमच्या पाळकसाहेबांनी ज्या प्रश्नाला हसून उत्तर दिले, तो शास्त्राने उघडा ठेवला आहे.

नाही म्हणणारी बाजू

मग 'नाही' आले कुठून? त्याचा मोठा भाग ग्रीक तत्त्वज्ञानातून आला. ॲरिस्टॉटलने जीवतत्त्वाचे तीन प्रकार मानले : वनस्पतीचे वाढणारे, पशूचे संवेदना असणारे आणि माणसाचे विचार करणारे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ही मांडणी ख्रिस्ती धर्मशास्त्रात बसवली. त्याचा युक्तिवाद असा : पशूचे पाहणे, ऐकणे, दुखणे हे सगळे शरीराच्या आधाराने चालते, म्हणून शरीर संपले की त्याचा आत्माही संपतो. माणसाची बुद्धी शरीराच्या पलीकडचेही जाणते, म्हणून त्याचा आत्मा टिकतो.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. अक्वायनसने पशूला आत्मा नाही असे म्हटलेच नाही. आत्मा आहे, पण अमर नाही, असे म्हटले. आत्माच काढून घेतला तो चारशे वर्षांनी, देकार्तच्या विचाराने. त्याच्या मते पशूचे सगळे वागणे यंत्रासारखे समजावून देता येते. मी आयुष्यभर यंत्रांजवळ उभा राहिलो आहे. बेअरिंग बिघडले की यंत्रही ओरडते, पण ते मालकाच्या पायाचा आवाज ओळखून मान वळवत नाही.

शास्त्रातही 'नाही'कडे झुकणारी वचने आहेत, ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ४९ व्या स्तोत्रात नाश पावणाऱ्या पशूची उपमा येते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पशू धरले जाण्यासाठी आणि नाशासाठीच जन्मतात, असा उल्लेख आहे. सर्वांत टोचणारे वचन पौलाचे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, असा नियम आहे. ज्याने खळे पाहिले आहे त्याला या नियमातली माया सांगावी लागत नाही. पण करिंथकरांना लिहिताना पौल विचारतो की देवाला काय बैलांची चिंता आहे? तो नियम आपल्यासाठी आहे, असे सांगून तो सुवार्ता सांगणाऱ्याच्या पोटापाण्याचा मुद्दा मांडतो. हे वाचले की अण्णांचा चेहरा आठवतो.

दुसरी बाजू

मात्र तोच पौल रोमकरांच्या आठव्या अध्यायात म्हणतो, की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे आणि तीही नाशाच्या दास्यातून सुटण्याची वाट पाहते आहे. सुटका फक्त माणसांची होणार असेल, तर सृष्टीने वाट कशाची पाहायची?

जुन्या करारात हा धागा जाड आहे. जलप्रलयानंतर देव करार करतो तो एकट्या नोहाशी नाही, तारवातून उतरलेल्या प्रत्येक जीवाशी करतो. शब्बाथाचा विसावा बैलाला आणि गाढवालाही आहे. योनाच्या पुस्तकात निनवे शहरावर संकट येते तेव्हा जनावरांनाही गोणपाट नेसवून उपास घडवतात. पुस्तकाच्या शेवटी देव योनाला विचारतो, की एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या शहराची मी कीव करू नये का? गुरांवरच ते पुस्तक संपते. यशयाच्या अकराव्या अध्यायात देवाचे राज्य येते तेव्हा लांडगा कोकराजवळ राहतो आणि सिंह बैलासारखा कडबा खातो. आणि येशू म्हणतो की दोन दमड्यांना पाच विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही.

या वचनांवर मोठमोठ्या माणसांनी विचार केला आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७८१ च्या सुमारास रोमकरांच्या याच अध्यायावर प्रवचन रचले. पशूंनी माणसाच्या पापापायी सोसले, म्हणून शेवटी देव त्यांना पूर्वीपेक्षाही चांगल्या स्थितीत आणील, असे त्याने मांडले. त्याआधी १७३६ मध्ये बिशप जोसेफ बटलरला कोणीतरी आक्षेप घेईल अशी कल्पना होती, की तुमचा अमरत्वाचा युक्तिवाद पशूंनाही लागू पडतो. तो आक्षेप त्याला आपल्या युक्तिवादाला घातक वाटला नाही. सी. एस. लुईसने १९४० च्या आपल्या दुःखविषयक पुस्तकात एक वेगळीच वाट सुचवली : पाळीव जनावराला 'स्वतःपण' येते ते मालकाच्या सहवासातून, तर मालकाबरोबर ते टिकेलही. लुईसने हे अंदाज म्हणूनच मांडले. पण ज्याने बैलाला नावाने हाक मारली आहे, त्याला ते पटकन पटते.

कॅथलिक बाजूला १० जानेवारी १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुन्या कराराच्या आधारे सांगितले, की देवाच्या श्वासासारखा श्वास पशूंतही आहे. मात्र माणसाचे नाते वेगळे, हेही सांगितले. २०१४ च्या डिसेंबरात जगभरच्या वर्तमानपत्रांनी पोप फ्रान्सिस यांच्या तोंडी एक वाक्य घातले, की स्वर्ग सर्व प्राण्यांना खुला आहे. पुढे दुरुस्त्या छापाव्या लागल्या, कारण ते वाक्य आधीच्या एका पोपच्या नावावर सांगितले जात होते. गंमत अशी, की दुसऱ्याच वर्षी 'लाउदातो सी' या परिपत्रकात फ्रान्सिस यांनी खरोखरच लिहिले, की अनंतकाळच्या जीवनात प्रत्येक जीव रूपांतरित होऊन आपली जागा घेईल.

प्रश्नच बदलला तर

इतके वाचल्यावर मला वाटू लागले, की अण्णांचा प्रश्न बरोबर होता आणि पाळकसाहेबांचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते. 'आत्मा आहे का' हा प्रश्न धरला, की शरीर सोडून उडून जाणारे काहीतरी शोधावे लागते. पण ख्रिस्ती विश्वासांगीकारात आपण दर रविवारी जे म्हणतो, ते 'देहाचे पुनरुत्थान'. ख्रिस्ती आशा मुळात मातीची आहे : देव नवे आकाश आणि नवी पृथ्वी करील, असे शेवटचे पुस्तक सांगते. माणूससुद्धा स्वतःच्या अंगच्या अमरत्वामुळे वाचत नाही. देव त्याची आठवण ठेवतो म्हणून वाचतो. मग बैलाच्या बाबतीतही विचारायचे ते हेच, की देव त्याची आठवण ठेवतो का? चिमण्यांची ठेवत असेल, तर हरण्याची का नाही?

हे सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. परंपरेतला मोठा प्रवाह अजूनही अक्वायनसच्या बाजूने आहे. पण दार लावलेले नाही, एवढे ठामपणे म्हणता येते.

त्यात माझा एक धाकही आहे. जनावरे देवापुढे उभी राहणार असतील, तर ती एकटी उभी राहणार नाहीत. त्यांना विकणारे, घेणारे, गाडीखाली घेऊन न थांबणारे, सगळेच तिथे असणार. चाकण-तळेगाव रस्त्यावर पहाटे पाळीला जाताना कंटेनरखाली आलेले कुत्रे न दिसलेला दिवस विरळा. आपण पाहतो आणि पुढे जातो. 'त्याला आत्मा कुठे असतो' या वाक्याने हे पुढे जाणे किती सोपे झाले आहे, याचा विचार सर्वच धर्मांच्या लोकांनी करावा. आत्मा सर्वांभूती मानणाऱ्यांच्या गाड्याही तिथे थांबत नाहीत.

अण्णांना स्वर्गात बैल भेटावेत असे वाटत होते, असे मी बरीच वर्षे समजत होतो. आता वाटते, त्यांना भेटीची ओढ होती तशी भीतीही होती. हरण्या आणि पाखऱ्या समोर आले, तर चाकणच्या बाजाराबद्दल काय सांगायचे? आज ते असते तर मी त्यांना एवढेच सांगितले असते : अण्णा, शास्त्रात 'नाही' लिहिलेले नाही. आणि तिथे कोणाचे कोणावर वैर उरत नाही, असे यशया म्हणतो.

आमच्या पिंपरीच्या घराला गोठा नाही. पण वसुबारसेच्या संध्याकाळी आता मीही प्रार्थनेत ती दोन नावे घेतो.