अस्तर बदलताना गोंद कोणता?

चांगल्या लाकडी पेटीचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, आतली मखमल मात्र त्याआधीच विरते. व्हायोलिनची पेटी असो वा दागिन्यांची, कधी ना कधी तिला नवं अस्तर लागतंच. म्हणून पुढच्या कारागिराला सोडवता येईल, तोच गोंद चांगला.

जुन्या सुतारांचा सरस या कसोटीला उतरतो. कातडी आणि हाडं उकळून केलेल्या सरसाचे दाणे थंड पाण्यात फुगवतात आणि भांडं गरम पाण्यात ठेवून साधारण 60 अंश सेल्सिअसला वितळवतात. थेट आचेवर उकळला, की त्याचा जोर जातो. पुढे ऊन पाण्याने तो सुटतो. मात्र तो झटपट थिजत असल्याने मोठं कापड बसवायला उसंत मिळत नाही.

कापडासाठी गव्हाच्या पिठाची खळ अधिक सोयीची. ती हळू वाळते, त्यामुळे कापड सरकवून सुरकुत्या काढता येतात. तिला भीती कसरीची. त्यासाठी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, पेटीत नकोच.

1959 साली फेविकॉल आला आणि सुतारांची सरसाची भांडी हळूहळू अडगळीत गेली. हा पांढरा गोंद वापरायला सोपा, पण वाळल्यावर नुसत्या पाण्याने नीट सुटत नाही. रबरी गोंद चिकटताक्षणी धरतो, त्यामुळे चूक सुधारता येत नाही. शिवाय कालांतराने पिवळा पडून कापडावर डाग उमटवतो.

पेटीत काय ठेवायचं, हेही पाहावं. गंधकयुक्त रबराने चांदी काळवंडते, तर काही पांढऱ्या गोंदांतून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली अशा धोक्यांसाठी चाचणी सुचवली. तिच्या आजच्या रूपात चांदी, तांबं आणि शिशाचे तुकडे त्या साहित्यासोबत 60 अंशांवर दमट हवेत 28 दिवस बंद ठेवतात.

मखमल थेट लाकडाला चिकटवू नये. आम्लविरहित पुठ्ठा मापाने कापून त्यावर कापड ताणावं, कडा मागे दुमडून तिथेच गोंद लावावा. लव सगळीकडे एकाच दिशेला ठेवावी. दर्शनी बाजूला गोंद पोचतच नाही, त्यामुळे डाग पडत नाही. मग पुठ्ठा पेटीत खळीच्या चार ठिपक्यांवर बसवावा. घरच्या जुन्या पेटीसाठी हीच रीत वापरा. आधी कापडाच्या तुकड्यावर गोंद लावून, वाळवून पाहा.