अंगणातली गिऱ्हाइकं

रोपवाटिकेत गेलेला माणूस आधी रंग बघतो. हा लाल द्या, तो पिवळा द्या, निळ्यात काही आहे का हो, असं विचारत विचारत पिशवीभर रोपं घरी येतात, आणि महिन्याभरात त्यातलं कुणी रुसतं, कुणी नुसती पानंच काढत बसतं, तर कुणी सकाळी फुलून दुपारी मिटतं आणि घरधनी कामावरून येईपर्यंत त्याचं तोंडही दिसत नाही. यात रोपाचा काही दोष नाही बरं का. त्यानं रंग काढला तो तुमच्या-आमच्यासाठी काढलेलाच नसतो. फुलाचा रंग म्हणजे दुकानावरची पाटी. ती कुणासाठी लावलीय आणि दुकान किती वाजता उघडतं एवढं कळलं, की अंगणात काय लावायचं ते मग आपसूक सुचतं. घाई नसेल तर बसा जरा, एकेक गिऱ्हाईक ओळखीचं करून देतो.

मधमाशीपासून सुरुवात करू. तिला रंग कळतात की नाही यावर शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे पंडित हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा कार्ल फॉन फ्रिश नावाच्या ऑस्ट्रियातल्या एका तरुणानं मोठी गमतीची युक्ती काढली. टेबलावर राखाडी रंगाच्या गडद-फिक्या छटांचे पुष्कळ कागद मांडले, त्यात एकच निळा ठेवला, आणि साखरपाणी नेहमी त्या निळ्यावर. माश्या चार फेऱ्यांत शहाण्या झाल्या. मग पठ्ठ्यानं कागदांच्या जागा बदलल्या, साखर काढून घेतली, तरी माश्या आपल्या निळ्यावरच उतरल्या. १९१४ च्या सुमारास त्यानं हे जगापुढे मांडलं, पुढं माश्यांच्या नाचाचं कोडंही उलगडलं आणि १९७३ मध्ये नोबेल मिळवलं. पण मला त्यातली खरी मौज वाटते ती लाल कागदाची. तिथं माश्या फसल्या. लाल आणि काळपट यांतला फरकच त्यांना कळेना. उलट आपल्याला ज्याची गंधवार्ता नाही तो अतिनील उजेड त्यांना लख्ख दिसतो. सूर्यफुलाची पाकळी आपल्या डोळ्यांना टोकापासून बुडापर्यंत पिवळीधमक, पण माशीला तिचं टोक उजळ आणि बूड गडद दिसतं, म्हणजे मध कुठं आहे ते दाखवणारं वर्तुळच मधोमध काढून ठेवलेलं. तेव्हा परसात दोडका, भोपळा, काकडी धरत नाही अशी तक्रार असेल तर शेजारी पिवळं, निळं, जांभळं काहीतरी फुलतं ठेवावं. माशी त्या निमित्तानं आली की वेलांकडंही वळते.

मग लाल कुणासाठी? पाखरांसाठी. लाल जास्वंदीपाशी सकाळी ऊन चढायच्या आत गुपचूप बसून राहा, शिंजीर येतोच. अंगठ्याएवढा जीव, पण ऐट काय विचारता! फुलाचा बेत असा की पाहुण्यानं समोरून यावं, मधल्या लांब दांड्याला कपाळ घासावं, पराग लावून घ्यावेत आणि मग मध प्यावा. शिंजीर मात्र सरळ देठावर बसतो, फुलाच्या बुडाला चोचीनं भोक पाडतो आणि पराग न लावता मध घेऊन पसार. माझी नात एकदा हे बघून इतकी चिडली की त्याला चोर, चोर म्हणून ओरडत सुटली, आणि तो शेजारच्या तारेवर बसून चोच पुसत तिच्याकडं बघत राहिला. तसंही आपल्या अंगणातली जास्वंद बी क्वचितच धरते, म्हणून तिची फांदीच लावायची: पावसाळा लागला की पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्यावी, खालची पानं काढावीत आणि ओलसर मातीत तिरकी खोचावी. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी खोडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण त्या ढेकणाचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून त्याची राखण करतात.

पोरांसाठी एक खेळ सांगतो. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून पाणी रंगू द्यायचं आणि दोन वाट्यांत ओतायचं. एकीत लिंबू पिळा, पाणी लालगुलाबी होतं. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, हिरवट होतं. गोकर्णीचं निळं पाणीही लिंबानं जांभळं होतं. आता हाच लिंबू बीटाच्या कोशिंबिरीवर पिळून बघा. ढिम्म! जसा होता तसा लाल. कारण झाडांच्या राज्यात रंगांची दोन निराळी खाती आहेत. बहुतेक फुलांचे लाल-निळे रंग अँथोसायनिनचे, ते आंबट-खारं लागलं की रंग पालटतात. पण बीट, लाल माठ, कोंबडा, चिनी गुलाब, गुलबक्षी, बोगनवेल या एका मोठ्या गोतावळ्यानं ते खातं बंद करून बीटालेन नावाचा स्वतःचाच रंग काढलाय, आणि निसर्गतः एका झाडात हे दोन्ही रंग सापडल्याचं आजवर कुणी दाखवलेलं नाही. असं का, यावर शास्त्रज्ञ अजून डोकी खाजवतायत.

त्या गोतावळ्यातली माझी लाडकी म्हणजे गुलबक्षी. चार-पाच वाजता, बायाबापड्यांच्या चहाच्या वेळेला, ती उघडते, अंधार पडता पडता वास सोडते आणि सकाळचं ऊन तापलं की मिटते. तिचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे: लांब सोंडेचे मोठे पतंग, जे फुलावर बसतही नाहीत, अधांतरी राहूनच नळीतला मध ओढतात. दिवसभर कामावर असणाऱ्या माणसानं चिनी गुलाब लावून हळहळण्यापेक्षा गुलबक्षी लावावी. दोघं घरी येतात एकाच वेळी. आणि तिचं नवल असं की एकाच झुडपावर एक फूल लाल, एक पिवळं, तर एक निम्मं लाल निम्मं पिवळं. झाडाच्या पेशीतली काही जनुकं जागेवरून उठून दुसरीकडं जाऊन बसतात, आणि जिथं बसतात तिथल्या रंगाचं काम बिघडवतात किंवा सुधारतात, म्हणून ही ठिपक्या-पट्ट्यांची रांगोळी.

या गुलबक्षीनं जर्मनीतल्या कार्ल कॉरेन्स नावाच्या माणसाला तर आयुष्यभराचं काम दिलं. मेंडेलचे आनुवंशिकतेचे विसरलेले नियम १९०० साली ज्यांच्यामुळं पुन्हा उजेडात आले, त्यांतला हा एक. त्यानं लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पोरं गुलाबी निघाली. इथवर ठीक. पण त्याच्याकडं एक चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी होती, जिच्या काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही कबऱ्या. १९०९ मध्ये त्यानं दाखवून दिलं की पांढऱ्या फांदीवरच्या बीचं रोप पांढरंच निघतं, मग पराग कितीही हिरव्यागार झाडाचा आणा. आणि हिरव्या फांदीवरचं हिरवंच. म्हणजे पानाच्या हिरवेपणात बापाचं काही चालत नाही, सगळं आईकडचं. पुढं कळलं की पानातल्या हरितलवकांना स्वतःचं वेगळं जनुकधन असतं आणि गुलबक्षीत ते बीजांडातूनच उतरतं. ती पांढरी रोपं बिचारी अन्नच करू शकत नाहीत, बीमधली शिदोरी संपली की मरतात. गुलबक्षीची काळी मिऱ्याएवढी बी पावसाच्या तोंडावर बोटाच्या एका पेराएवढी खोल टाकली की झालं. खाली मुळ्याएवढा कंद धरतो आणि वरचं झाड वाळलं तरी पुढच्या पावसात पुन्हा उठतं. बी आणि कंद विषारी आहेत, तेव्हा रांगत्या पोराच्या हाती लागू देऊ नका.

तिचीच भावकी बोगनवेल. जिला आपण फुलं म्हणतो ती रंगीत पानं आहेत. फूल म्हणजे आतली ती पांढरी बारीक तीन नळकांडी. आणि तिची गोष्ट ऐकाच. १७६६ साली बोगनव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी जगाची फेरी मारायला निघाला, त्याच्या ताफ्यात कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याचा गडी. वाटेत ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोला ही वेल सापडली आणि कप्तानाचं नाव तिला चिकटलं. पण तो गडी, जो ओझी वाहायचा, डोंगर चढून झाडं गोळा करायचा, तो होता बाई! ज्यॉन बारे तिचं नाव. नौदलाच्या जहाजावर बाईला मज्जाव, म्हणून पुरुषाच्या वेशात चढली आणि ताहितीला पोचेपर्यंत तिचं बिंग फुटलं. तरी अखेर घरी पोचली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. कॉमर्सन तेव्हा दुखणाईत होता हे बघता, ती वेल खरी तिनंच तोडून आणली असावी असं काही जण म्हणतात. मला ते पटतं. या वेलीला लाड सोसत नाहीत. रोज पाणी आणि वर खत घातलं की पानंच पानं. उन्हात ठेवा, माती कोरडी पडू द्या, जरा ताण बसला की मग बघा.

पाहिलंत ना, आपल्या अंगणातली निम्मी मंडळी अमेरिकेची. दसऱ्याच्या तोरणाचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा, आणि तिथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी घराघरांत हीच पिवळीकेशरी आरास असते. झेंडूचं बी ज्येष्ठ-आषाढात टाकून रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, फुटवे येतात. त्याच्या मुळांतून असं काही पाझरतं की जमिनीतले सूत्रकृमी हटतात, म्हणून टोमॅटोच्या वाफ्याशेजारी शेतकरी त्याची ओळ लावतात. एक घाणेरी तेवढी मुद्दाम आणू नका. तिच्या फुलाची चलाखी कौतुकाची खरी, उमलताना पिवळं आणि परागीभवन झाल्यावर लाल, म्हणजे फुलपाखरानं रिकाम्या दुकानी फेरी मारू नये. पण शोभेची म्हणून आणलेली ती बया रानंच्या रानं गिळून बसली.

तेरडा मात्र आपला घरचा. भाद्रपदात गौरी म्हणून मुळासकट उपटून घरात आणतात तो. अर्धी सावली, ओली जमीन, की तो खूश. त्याची पिकली बोंडी दोन बोटांत धरली की फट्‌कन फुटते, सालं आत गुंडाळतात आणि बिया हातभर उडतात. पोरं एका दुपारीत सगळ्या गल्लीत तेरडा पेरून येतात.

आता राहिली शेवंती. तिची पाटी उजेडावर नाही, अंधारावर लागते. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी १९२० मध्ये दाखवलं की तंबाखूचं एक वाण नुसतं उंच वाढतं, फुलत नाही, पण दिवस लहान झाला की लगेच कळ्या धरतं. त्यांनी रोपं दुपारपासून अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली आणि ती भर उन्हाळ्यात फुलवून दाखवली. पुढं कळलं की असं झाड दिवस मोजतच नाही, सलग रात्र मोजतं. शेवंतीही त्यातलीच. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी त्याचा हिशेब मोडतो. आमच्या शेजारणीची शेवंती दरवर्षी हिवाळ्यात पिवळीजर्द व्हायची, एका वर्षी नुसती हिरवीगार. माती बदलली, खत घातलं, दृष्ट काढली. झालं होतं काय, तर कुंपणावर रस्त्याचा नवा दिवा लागला होता. फुलांची शेती करणारे हीच खोड उलटी वापरतात, रात्री शेतात दिवे लावून शेवंती थोपवून धरतात आणि भाव चढायच्या बेतानं ते विझवतात. घरी दिव्याचा त्रास असेल तर दिवस मावळताना रोपावर जाड गोणपाट टाकायचं आणि सकाळी काढायचं. पातळ कापडातून उजेड झिरपतो, ते चालत नाही. आणि कुंडी असेल तर हाही खटाटोप नको, उचलून मागच्या परसात ठेवावी, फक्त तिथं न्हाणीघराचा दिवा रात्रभर जळत नाही ना एवढं बघून घ्यावं.