भिलाईचा रूळ, तीन मीटरांचा

भिलाई पोलाद कारखान्यातून 260 मीटर लांबीचे सांधीव रूळ वाघिणींच्या रांगेवर लादून रवाना होतात. 87 पट लहान केल्यास असा रूळ जेमतेम तीन मीटर भरेल. त्याच प्रमाणातील आगगाड्या पुण्यात कर्वे रस्त्यावरील लघुरेल्वे संग्रहालयात धावतात. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून साकारलेले हे दालन 1 एप्रिल 1998 रोजी खुले झाले.

त्याआधी त्यांचा देखावा फिरता होता. फिरते प्रदर्शन म्हणजे मोठे जिकिरीचे काम! इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. प्रवासात फळ्यांचे सांधे केसभर सरकले किंवा रुळांवर धूळ बसली, की ते जागीच थबकते. मग जुळणी, तारा, सफाई, सारे पुन्हा प्रथमपासून. कायम वास्तूत ही दगदग संपली. मात्र लोकांच्या दारी जाणारी गाडी थांबली, आता लोकांनीच तिच्याकडे यायचे.

भिलाईतील कोणा रसिकास असा देखावा उभारावयाचा असल्यास एक बारकावा ध्यानी घ्यावा. या प्रमाणाचे तयार रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे असतात. ते 1,435 मिलिमीटरांच्या परदेशी मार्गाशी जुळतात. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरांचा, म्हणून 19 मिलिमीटरांहून किंचित अधिक अंतर हवे. तडजोड करावी, हे आमच्या मते शहाणपणाचे. ती नको असेल, तर रूळ स्वहस्ते घडवावे लागतात, आणि इंजिनांची चाकेही बदलावी लागतात.