गाड्या नसलेली वाट आली कुठून? डॅन्यूबच्या काठाने, बाबांसोबत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही.

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, "युरोपात नदीकाठाने शेकडो किलोमीटर सायकलवाटा आहेत म्हणतोस, जिथे गाड्याच नाहीत. त्यासाठी एवढी सलग जमीन त्यांनी मिळवली कशी?" भारी प्रश्न आहे. आपल्याकडे दोन किलोमीटरचा सायकल ट्रॅक काढायचा तर मध्ये विजेचा डीपी येतो, पाणीपुरीची गाडी येते आणि शेवटी ट्रॅक एका भिंतीला जाऊन थांबतो. याचं निम्मं उत्तर मला वाचून कळलं. उरलेलं बाबांनी दिलं, तेही सायकल चालवता चालवता.

आधी वाट कुठली ते सांगतो. डॅन्यूब नदी, जिला जर्मनीत आणि ऑस्ट्रियात डोनाऊ म्हणतात. तिच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर सायकलवाट आहे. ही युरोव्हेलो ६ या मोठ्या मार्गाचा एक तुकडा. तो मार्ग फ्रान्समध्ये अटलांटिक महासागरापाशी सुरू होतो आणि रोमानियात काळ्या समुद्राला जाऊन भिडतो. निळ्या पाटीवर पिवळ्या चांदण्या आणि मध्ये ६ हा आकडा दिसला की समजायचं, बरोबर चाललोय.

आता बाबा. वय ६२, मूळचे बारामतीकडचे, नीरा डाव्या कालव्याच्या काठचं गाव. शाळेला सायकल, नंतर पुण्यात नोकरीलाही वीस-बावीस वर्षं सायकलच. मग एके दिवशी एक डंपर हँडलला घासून गेला, मनगट मोडलं, आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. विषय काढला की म्हणायचे, "सायकलची भीती नाही रे मला. मागून येणाऱ्याची आहे." आई-बाबा माझ्याकडे म्युनिकला आले तेव्हा मी हा बेत मांडला. आईने सरळ सांगितलं, "मी रेल्वेने पुढच्या गावी जाऊन बसते, तुम्ही या घाम गाळत." बाबांनी एकच गोष्ट विचारली. "मागून काय येतं तिथे?" मी म्हटलं, "सायकली." ही गोष्ट पूर्ण खरी नव्हती, त्यावर येतोच.

पासाऊला तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, इन आणि इल्झ. गावाबाहेर पडताना दोन्ही काठांना हमरस्ता सोबत असतो. वाट वेगळी असते, पण गाड्यांचा आवाज येत राहतो. बाबा आरशात सारखे मागे बघत होते. मग श्लोगनच्या आसपास दरी अरुंद होते. तिथे कठीण ग्रॅनाइटने नदीची वाट अशी अडवलीय की ती जवळजवळ उलटी वळून मागे येते. दोन्ही बाजूंना जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. मोठा रस्ता डोंगरावर निघून जातो आणि खाली उरते फक्त वाट. त्याच्या पुढे साधारण तासाभराने माझ्या लक्षात आलं की बाबांनी आरशात बघणं सोडलंय.

ही वाट पाण्याला इतकी खेटून का आहे? कारण ती सायकलसाठी बनलेलीच नाही. ती घोड्यांसाठी बनली.

वाफेची इंजिनं यायच्या आधी प्रवाहाच्या दिशेने माल न्यायला अडचण नव्हती, नदीच नेत असे. पण धान्य, दारू घेऊन वर यायचं तर नावांना दोर बांधून काठावरून ओढायला लागायचं. मोठ्या ताफ्याला तीस-चाळीस घोडेही जुंपत. आता डोळ्यांसमोर आणा: घोडा काठावर, नाव पाण्यात, मध्ये लांबच लांब ताणलेला दोर. या दोराच्या आड एक झाड आलं, एक भिंत आली, तर काम खलास. म्हणून पाण्यालगतची पट्टी मोकळी ठेवावी लागे. दुसरी अट सलगपणाची. मधलं एक फर्लांग जरी कुणी अडवलं तरी आख्खी वाट निकामी. आणि वाट पाण्याच्या पातळीनेच जायची, त्यामुळे तिचा उतार नदीइतकाच राहतो. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर, व्हिएन्ना १६० च्या आसपास. म्हणजे दर किलोमीटरला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी उतार. ६२ वर्षांच्या गुडघ्यांना आणखी काय हवं?

जिथे कडाच पाण्यात उतरलेला असे तिथे घोडे नावेत चढवून पलीकडच्या काठावर नेत आणि ओढणं तिकडून चालू. गंमत बघा, आजही तसंच आहे. श्लोगनजवळ उत्तर काठावर आउ ते ग्राफेनाउ एवढ्या टप्प्यात वाटच नाही. तिथे सायकलस्वारांसाठी एक छोटी बोट आहे. ती नदी ओलांडत नाही, काठाकाठाने पुढे नेऊन त्याच बाजूला उतरवते. पैसे देऊन सायकल टाकायची आणि बसायचं.

१८२९ मध्ये व्हिएन्नात डॅन्यूबवर आगबोटी चालवणारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांची बोट बुडापेस्टकडे गेली. हळूहळू घोडे संपले. इथे माझा प्रश्न असा होता की मग ही जमीन विकली कशी गेली नाही? नदीकाठचा प्लॉट कुणाला नको असतो?

हे मी बाबांना आशाखच्या पुढे चालता चालता सांगत होतो. ते म्हणाले, "अरे, हा आपला पाटाचा रस्ताच की!"

आमच्या गावाकडे कालव्याला पाट म्हणतात. त्याच्या कडेने कच्चा रस्ता असतो. पाटकरी त्यावरून सायकलवर फिरायचा. कुठे भराव खचलाय, कुणी पाणी फोडलंय, हे बघायला. बाबा त्याच रस्त्याने शाळेत जायचे. "पाणी आहे तर त्याच्या कडेने कुणीतरी चालायला लागतंय. म्हणून ती जागा सरकार सोडत नाही," बाबांनी सांगून टाकलं. मी घरी येऊन तपासलं. इथेही तेच आहे. घोडे गेले तरी काठाची डागडुजी, खुणांचे फलक, पुराची कामं राहिलीच. जलमार्ग सांभाळणारी सरकारी कंपनी आजही यातल्या कितीतरी वाटांची देखभाल करते, आणि अधूनमधून मागून येते ती तिचीच गाडी. म्हणजे १९८० च्या दशकात इथे सायकलमार्ग रुजला तेव्हा जमीन नव्याने मिळवायचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी नव्हताच. पट्टी आधीच सलग होती. फक्त पाट्या, डांबर आणि परवानगी लागली.

बरं, हे सगळं जुन्या वाटेवरच आहे असं नाही. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर दहा जलविद्युत केंद्रं आहेत. धरणं झाली, पाणी वर चढलं, जुनी वाट काही ठिकाणी बुडाली. मग नव्या भरावांच्या माथ्यावरून वाट काढली. त्यामुळे कितीतरी किलोमीटर तुम्ही रुळासारख्या सरळ बांधावरून जाता, आणि खरं सांगू? कंटाळा येतो. फोटोत हे दिसत नाही. फायदा एक, बऱ्याच केंद्रांवरून सायकलने काठ बदलता येतो.

लिंझनंतर डाव्या काठावर माउटहाउझन लागतं. गाव सुंदर आहे. वरच्या टेकडीवर १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती. शेजारच्या दगडखाणीत कैद्यांना राबवलं जायचं. सुमारे १,९०,००० माणसं या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत आणली गेली, त्यातली निदान ९०,००० मेली. चढ चांगलाच आहे, आम्ही सायकली ढकलत नेल्या. खाली उतरताना बाबा काही बोलले नाहीत, संध्याकाळी आईलाही त्यांनी एवढंच सांगितलं, "जाऊन आलो." तुम्ही गेलात तर घाईच्या दिवशी जाऊ नका, अर्धा दिवस मोकळा ठेवा.

आता माझी चूक. मेल्क ते क्रेम्स हा जवळपास ३६ किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाउ खोरं: द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, २००० पासून युनेस्कोचा वारसा. मी ॲपवर बघितलं, दोन्ही काठांना हिरवी रेघ. उत्तर काठ घेतला, कारण नावाजलेली गावं त्या बाजूला. पण त्या काठावर वाट मोठ्या रस्त्याला चिकटून जाते. गाड्या दोन हातांवरून सुसाट. नियमाने वाट वेगळीच आहे, ॲप खोटं बोलत नव्हतं. पण एक ट्रक गेला आणि बाबा उतरले. पुढे कितीतरी वेळ सायकल हातात धरून चालत होते. मी "काही होत नाही हो" म्हणालो. ते म्हणाले, "तुला होत नाही." मला तिथे गप्प बसायला हवं होतं, तेही उशिरा सुचलं.

स्पिट्झ गावात आम्ही नावेने दक्षिण काठावर गेलो. ही नाव बघाच. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी जाड तार ताणलेली आहे, नाव दोराने तिला बांधलेली. नावाडी नाव प्रवाहाला थोडी तिरकी करतो, पाणी तिच्या बाजूवर रेटतं, आणि दोर तिला वाहून जाऊ देत नाही. म्हणून ती सरकते ती थेट पलीकडे. पतंग आठवा: वारा ढकलतो, मांजा धरतो, पतंग आडवा सरकतो. इथे वाऱ्याच्या जागी पाणी. हे जमतं कारण वाखाउत धरण नाही, नदी अजून खरोखर वाहते. दक्षिण काठावरही गाड्या आहेत, पण तुरळक. क्रेम्सच्या अलीकडेपर्यंत जर्दाळूच्या झाडांमधून गेलो. बाबा पुढे होते.

धरण नसलेला दुसरा टप्पा व्हिएन्नाच्या पूर्वेला आहे. १९८४ मध्ये हाइनबुर्गच्या पाणथळ जंगलात वीजकेंद्र होणार होतं. डिसेंबरच्या थंडीत हजारो लोक तिथे तळ ठोकून बसले, झाडतोड थांबली, आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आज पूरसंरक्षक बांधावरून त्याच जंगलातून सायकलवाट जाते, पुढे ब्रातिस्लाव्हाला. आम्ही तिकडे गेलो नाही. आईला शोनब्रुन राजवाडा बघायचा होता.

जायचं असेल तर दोन-चार कामाच्या गोष्टी. पश्चिमेकडून पूर्वेकडेच चालवा. उतार नावालाच आहे, पण वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, तो पाठीवर घ्या. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. पासाऊला भाड्याने सायकल घेऊन व्हिएन्नात परत देता येते, बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणारेही आहेत. छोट्या नावा संध्याकाळी लवकर बंद होतात, हिवाळ्यात बऱ्याच चालतच नाहीत, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. थकलात तर प्रादेशिक रेल्वेत सायकलचं तिकीट काढून सरळ बसा, लाज वाटून घेऊ नका. मोठ्या पावसानंतर जाऊ नका. २००२ आणि २०१३ सारखे पूर आले की ही वाट पहिली पाण्याखाली जाते. आणि काठ निवडताना नकाशावरची रेघ बघू नका, रेघेच्या शेजारी काय आहे ते बघा. सॅटेलाइट व्ह्यू लावा. मी लावला नव्हता.

काठावर किलोमीटरचे फलक आहेत. त्यांचं शून्य काळ्या समुद्राच्या टोकाला, म्हणून आपण पुढे जातो तसा आकडा घटतो. पासाऊला २,२२६ च्या आसपास. सातव्या दिवशी व्हिएन्नात राइशब्रुक पुलापाशी १,९२९. बाबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "तीनशेला तीन कमी. तू तर ३२० म्हणत होतास." मी सांगितलं, नदीचं अंतर वेगळं, वाटेचं वेगळं. त्यांना ते काही पटलं नाही.

पुण्याला परतल्यावर त्यांनी जिन्याखालची सायकल काढली का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही काढली. पण दिवाळीत गावी गेले तेव्हा चुलत भावाची सायकल घेऊन पहाटे साडेपाचला पाटाच्या रस्त्याने निघाले. चार नंबरच्या चारीपर्यंत गेले आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत परत आले. फोटो आईने पाठवला.

तुमच्या गावाजवळ असा पाटाचा किंवा बंधाऱ्याचा रस्ता असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कुठून कुठपर्यंत सलग आहे, आणि किती वाजेपर्यंत मोकळा असतो, हे दोन्ही सांगा.