पट्ट्याला बांधलेले मासे

तर मुक्ता, ओजस, आज मोरीची गोष्ट. नाही रे, मोरीच्या मटणाची नाही! मालवणला आपल्या ताटात येते ती लहानशी मुशी. तिच्याच कुळातलं एक थोरलं धूड दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या थंड पाण्यात फिरतं, त्याचं नाव ग्रेट व्हाइट शार्क. मोरीत हाड सापडत नाही ना? याच्यातही नाही. एवढं मोठं जनावर, पण सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाचा वरचा भाग ज्याचा असतो त्याचाच.

या धुडाशी गाठ पडलेली दोन माणसं सांगतो. पहिला ॲल्फ डीन. धंद्याने फळबागायतदार, राहायला मिल्ड्यूराकडे, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. पण गळाचं वेड असं की संधी मिळाली की स्वारी किनाऱ्याकडे. २१ एप्रिल १९५९ रोजी सेडूना गावाजवळच्या समुद्रात त्याच्या गळाला ग्रेट व्हाइट लागला. पन्नास मिनिटं झुंज चालली. लांबी भरली पाच मीटरच्या वर आणि वजन १,२०८ किलो! गळाने पकडलेल्या माशांमधला हा जागतिक विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. तो कुणी मोडू नये असं मला आपलं वाटतं. तसंही ऑस्ट्रेलियात आता या शार्कला कायद्याचं संरक्षण आहे.

पण गळवाल्याचं बरं असतं. तो होडीत असतो. दुसरा माणूस पाण्यात होता.

रॉडनी फॉक्स, वय २३. श्वास रोखून बुडी मारायची आणि रबराच्या ताणावर भाला सोडणाऱ्या बंदुकीने मासा टिपायचा, या खेळातला तो पट्टीचा गडी. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला अल्डिंगा बीच आहे. ८ डिसेंबर १९६३ रोजी तिथे दक्षिण ऑस्ट्रेलियाची स्पर्धा भरली होती. आता नीट ऐका, पुढे उपयोग आहे. मारलेले मासे प्रत्येक स्पर्धकाच्या मागे एका तरंगत्या बोयाला लटकवलेले होते आणि त्या बोयाची दोरी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेली होती. असे कितीतरी जण तासन् तास त्याच पाण्यात, मागे रक्त गळणारे मासे ओढत.

फॉक्स एका मोठ्या माशावर नेम धरून होता. इतक्यात डाव्या कुशीवर असा दणका बसला की बंदूक गेली आणि डोळ्यांवरचा मुखवटाही गेला. खांद्यापासून कमरेपर्यंत तो शार्कच्या जबड्यात होता. त्याने चाचपडत शार्कचे डोळे शोधले आणि बोटं खुपसली. पकड सुटली. पण शार्कला दूर लोटायला गेला तर उजवा हात सरळ तोंडातच! तो ओरबाडत बाहेर काढला. पुन्हा चावू नये म्हणून त्याने मग काय केलं असेल? हातापायांनी शार्कलाच मिठी मारली. पण श्वास कुठवर पुरणार? सोडून वर आला, हवा घेतली आणि खाली पाहिलं, तर लाल पाण्यातून तेच निमुळतं डोकं पुन्हा वर येत होतं.

आणि ऐन वेळी ते वळलं. माशांचा बोया गिळला आणि खोल निघालं. बोयाला दोरी, दोरीला पट्टा, पट्ट्याला फॉक्स. तोही निघाला त्याच्या मागोमाग! पट्ट्याची कळ सापडेना. बुडून मरणार, इतक्यात दोरी तुटली. शार्कच्याच दातांनी आधी ती अर्धीमुर्धी कापली गेली असावी. वर एक होडी नेमकी जवळ होती. लोकांनी त्याला उचलला, पण अंगावरचा रबरी पोशाख काढला नाही, म्हणून वाचला. फुप्फुस उघडं पडलेलं, बरगड्या मोडलेल्या, आतलं सगळं त्या रबरानेच जागेवर धरून ठेवलं होतं. दवाखान्यात टाके पडले ४६२. आणि काही महिन्यांत पठ्ठ्या पुन्हा पाण्यात.

ओजस विचारतोय, शार्कला कळलं कसं की इथे मासे आहेत? वासाने, असं सगळे म्हणतात. शार्कचं नाक तिखट असतं खरं, पण वास प्रवाहाबरोबर सावकाश जातो, आणि प्रवाह उलटा असला तर पोचतही नाही. आवाजाचं तसं नाही. पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. मायामीच्या बाजूला डोनाल्ड नेल्सन आणि सॅम्युअल ग्रूबर या दोघा शास्त्रज्ञांनी समुद्रात ध्वनिक्षेपक सोडला आणि खालच्या पट्टीतले, मध्येच थांबणारे, बेताल ठोके वाजवले. भाला लागलेला मासा तडफडतो ना, तसे. ना रक्त, ना मांस, ना मासा. तरी शार्क लांबून आले आणि ध्वनिक्षेपकाभोवती घिरट्या घालू लागले! तेच ठोके एकसारखे, न थांबता वाजवले की त्यांना गोडी वाटेना. या प्रयोगाचा निबंध छापून आला तोही १९६३ सालीच. म्हणजे आमंत्रण देतो तो तडफडणारा मासा, आणि मासा कुठे बांधलेला? तुमच्याच कमरेला.

गळवाल्यांनाही हा हिसका बसतोच. गळाला लागलेला मासा खेचत आणावा, आणि होडीपाशी वर यावं नुसतं मुंडकं! ऑस्ट्रेलियात आणि फ्लोरिडात कोळी म्हणतात, शार्कने कर वसूल केला. हसू नका, त्यांना रडू येतं.

आता मजा पुढेच आहे. अगदी जवळ आल्यावर ग्रेट व्हाइट आपले डोळे मागे फिरवतो, भक्ष्याच्या नखादातांनी इजा होऊ नये म्हणून. म्हणजे चावण्याच्या क्षणी तो आंधळा! मग नेम कसा साधतो? त्याच्या नाकाडावर बारीक भोकं असतात आणि आत जेलीने भरलेल्या नळ्या. स्टेफानो लोरेंझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण त्या कशासाठी हे पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नीट उलगडलं नव्हतं. मग काल्माइन नावाच्या डच शास्त्रज्ञाने टाकीतल्या वाळूत एक चपटा मासा पुरला, आपल्याकडच्या लेप्यासारखा, आणि वर जेलीचं झाकण ठेवलं. दिसणार नाही, पण वीज आरपार जाणार. लहान जातीचा शार्क आला तो थेट तिथेच. जेलीवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घातला, तर वरून निघून गेला. शेवटी मासाच काढून टाकला आणि वाळूत विजेची दोन टोकं पुरली, तर शार्क तिथेही उकरायला लागला!

जिवंत स्नायू हलले की अगदी पुसट वीज निर्माण होते. ती किती पुसट असली तरी कळते? दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याचं एक टोक काश्मीरला आणि दुसरं कन्याकुमारीला न्या, आणि मध्ये सगळा समुद्र आहे असं धरा. दोन टोकांमधल्या त्या विजेची चाहूलसुद्धा काही शार्कांना लागू शकते.

मुक्ता म्हणते, फॉक्सला राग नाही आला? चिडण्याऐवजी त्याला कुतूहलच जास्त. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातले सिंह पाहताना त्याला सुचलं की समुद्रात पिंजऱ्यात माणसानेच बसावं. १९६५ मध्ये तो असा पिंजरा घेऊन ग्रेट व्हाइटचं चित्रण करायला निघाला, आणि बोटीवर वाट दाखवायला कोण? आपला फळबागायतदार ॲल्फ डीन! पुढे ‘जॉज’ या १९७५च्या सिनेमासाठी खऱ्या शार्कचं चित्रण झालं तेव्हाही फॉक्स होताच. त्यात शार्क आणखी मोठा दिसावा म्हणून पिंजरा लहान केला आणि आत बुटका माणूस बसवला. सिनेमावाले ते, काय म्हणायचं!

अशा मोहिमांमध्ये एक विचित्र प्रकार दिसायचा. शेजारी मांसाचा मोठा तुकडा लटकतोय, आणि शार्क तो सोडून पिंजऱ्याच्या सळया नाहीतर बोटीचा पंखा चावतोय. तुम्हीच सांगा आता, का? ओजस, बरोबर! खाऱ्या पाण्यात धातू बुडवला की त्याच्याभोवतीही बारीक वीज वाहते. डोळे मागे फिरवल्यावर त्याला ती मांसापेक्षा ठळक लागते. पिंजऱ्यात बसलेल्या पहिल्यावहिल्या मंडळींना मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं. काल्माइनचा तो प्रयोग छापून यायला १९७१ उजाडलं.